शेंगदाण्याची ॲलर्जी आणि पाठीवरचा पॅच : कुणाला अनुभव आहे का?

ओंजळ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या ताईने पीनट बटर खाल्लं आणि तसंच त्याला कडेवर घेऊन गालाचा पापा घेतला. पाच मिनिटांत गालावर गांधी उठल्या. मला वाटलं, काहीतरी चावलं. मग ताई म्हणाली, त्याने माझं बोटही चोखलं. तोवर ओठ सुजला होता. तो खोकायला लागला, उलटी झाली आणि माझ्या खांद्यावर मान टाकून एकदम गप्प झाला. ते गप्प होणं डोळ्यांसमोरून जात नाही. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने तो मोठ्याने रडायला लागला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

नंतर त्वचेवर टोचून तपासणी झाली, रक्ताचीही झाली. दोन्हीकडे शेंगदाणाच निघाला. आता दाणे पूर्ण बंद, घराबाहेर पडताना ॲड्रेनलिनची दोन पेन (घरीच टोचता येणारी तयार इंजेक्शनं) सोबत. गेल्या भेटीत डॉक्टर जाता जाता बोलून गेले की लहान मुलांच्या पाठीवर लावायच्या पॅचवर संशोधन चालू आहे. तेव्हापासून रात्री तो झोपला की मी तेच वाचत बसते, आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो.

ज्या पदार्थाने त्याचा श्वास अडकला, तोच चोवीस तास अंगाला चिकटवायचा? हे सुरक्षित कसं? कुणाच्या मुलाने खरंच पॅच लावला आहे का? आणि पॅच मिळेपर्यंत थांबावं की दुसरं काही सुरू करावं?

ताई आठ वर्षांची आहे. त्या दिवसापासून ती इतक्या वेळा हात धुते की बोटं लाल झाली आहेत. ते बघवत नाही.

मोरपीस

ओंजळ, वाचताना अंगावर काटा आला. पॅचबद्दल मला काही माहीत नाही, पण लेकीला जवळ घेऊन एकदा स्पष्ट सांगा की तिची चूक नव्हती. ॲलर्जी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही मनात म्हणत असाल, पण मुलांना ते शब्दांत ऐकावं लागतं.

अनुस्वार

माझ्या भाचीला हीच ॲलर्जी आहे. त्यामुळे गेली पाच-सहा वर्षं या विषयावर जे प्रसिद्ध होतं ते वाचत असतो. मी डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी मात्रेचं बघू, कारण भीती तिथेच असते. ज्या पॅचवर सगळ्यात जास्त काम झालं आहे त्याचं नाव व्हायास्किन पीनट. डीबीव्ही टेक्नॉलॉजीज या फ्रेंच कंपनीचा. त्यात शेंगदाण्याचं प्रथिन असतं २५० मायक्रोग्रॅम. एका दाण्यात प्रथिन साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे पॅचवर एका दाण्याच्या सुमारे हजाराव्या भागाइतकं प्रथिन, कोरड्या थराच्या रूपात.

पॅच पाठीवर चिकटवला की त्याच्या आणि त्वचेच्या मधल्या बंद जागेत शरीराचीच वाफ साठते. त्या ओलाव्याने प्रथिन विरघळतं आणि त्वचेच्या अगदी वरच्या थरात जातं. या थरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते थेट रक्तात उतरत नाही. तिथे लँगरहान्स नावाच्या पेशी असतात. पहारेकरी म्हणा. त्या प्रथिन उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे रोगप्रतिकारक यंत्रणेची या प्रथिनाशी रोज थोडी थोडी ओळख होते आणि आक्रमक प्रतिसादाला आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत दाणा तोंडावाटे गेला, श्लेष्मल त्वचेतून झपाट्याने आत शिरला, आणि मात्राही याच्यापेक्षा कितीतरी जास्त असणार. वस्तू तीच असली तरी वाट आणि वेग पूर्ण वेगळे.

आता आकडे. १ ते ३ वर्षांच्या मुलांवर झालेली 'एपिटोप' ही चाचणी २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ३६२ मुलं होती, २४४ जणांना खरा पॅच आणि ११८ जणांना प्रथिन नसलेला. बारा महिन्यांनी खऱ्या पॅचच्या गटात ६७ टक्के मुलांनी ठरवलेली पातळी गाठली, दुसऱ्या गटात ३३.५ टक्क्यांनी. तुमचा मुलगा याच वयाचा आहे.

मोठ्या मुलांचा निकाल इतका चांगला नव्हता. ४ ते ११ वयाच्या ३५६ मुलांच्या 'पेपाइट्स' चाचणीत (२०१९) हे प्रमाण ३५.३ टक्के विरुद्ध १३.६ टक्के होतं. फरक खरा होता, पण आधी ठरवलेल्या संख्याशास्त्रीय कसोटीला तो थोडक्यात उतरला नाही. कोवळ्या वयात रोगप्रतिकारक यंत्रणा जास्त वळते, असं यावरून अनेक तज्ज्ञ मानतात. मलाही ते पटतं.

निळीशाई

अनुस्वार, माहितीबद्दल आभार, पण एक गोष्ट मनात अडकली. नुसती कोरी पट्टी लावलेल्यांपैकीही एक तृतीयांश मुलं 'सुधारली'? मग त्या ६७ मध्ये पॅचचं श्रेय किती?

आणि 'ठरवलेली पातळी' म्हणजे काय, हे कुणीतरी साध्या भाषेत सांगा. बातम्यांत 'दोन तृतीयांश मुलं बरी झाली' असं वाचलं होतं. ते खरं आहे का?

अनुस्वार

@निळीशाई, बरी झाली असं म्हणणं चूक आहे. बातमीत हा शब्द वाचला की मला राग येतो, कारण त्यावर विसंबून कुणीतरी मुलाला दाणे खायला देईल.

चाचणीच्या आधी प्रत्येक मुलाला दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, वाढत्या मात्रेत शेंगदाण्याचं प्रथिन खायला देतात. ज्या मात्रेला त्रास दिसतो ती त्या मुलाची मर्यादा. ज्यांना १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेला त्रास व्हायचा, त्यांची मर्यादा वर्षाने ३०० पर्यंत गेली तर यश. ज्यांची आधीच १० च्या वर होती, त्यांची १००० पर्यंत गेली तर यश. ३०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक दाणा, १००० म्हणजे तीन-चार. म्हणजे यश मिळालेल्या मुलालाही ॲलर्जी आहेच. पण चुकून एखादा कण, एखादा घास पोटात गेला तर काही होणार नाही किंवा झालं तर कमी होईल, अशी शक्यता वाढते. सगळी उपाययोजना अपघातासाठी आहे, ताटासाठी नाही.

कोऱ्या पट्टीबद्दल : काही लहान मुलांची ही ॲलर्जी आपोआप कमी होते. शेंगदाण्याच्या बाबतीत साधारण पाचातल्या एकाची पुढे जातेच. शिवाय एकाच मुलाची मर्यादा दोन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी येऊ शकते. म्हणून तर कोऱ्या पट्टीचा गट ठेवतात. पॅचचं श्रेय मोजायचं ते दोन्हींतल्या फरकात, सुमारे ३३ टक्के.

ओंजळ

हे एवढं स्वच्छ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण आता नवीन शंका. मुलाला सहाव्या महिन्यापासून इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे. डॉक्टर म्हणाले होते की फाटलेल्या त्वचेतून घरातल्या धुळीतले शेंगदाण्याचे कण आत जाऊनच बहुधा ही ॲलर्जी झाली. त्वचेतून ॲलर्जी होते आणि त्वचेतूनच ती उतरते, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

अनुस्वार

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तो विचार लंडनचे गिडियन लॅक यांनी मांडला. खाण्यातून पदार्थ आधी ओळखीचा झाला तर शरीर त्याला सामावून घेतं, आणि खाण्याआधी खराब त्वचेतून शिरला तर शत्रू मानतं. त्यांच्याच 'लीप' चाचणीत (२०१५) तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळायला सांगितलं. ज्यांची त्वचेची तपासणी सुरुवातीला निर्दोष होती, त्यांच्यात पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. या चाचणीनंतर बाळांना दाणे टाळायला सांगण्याचा जुना सल्ला मागे पडला.

मग पॅच कसा चालतो? इसबाची त्वचा सुजलेली, खाजवून फाटलेली असते. तिथल्या पेशी आधीच धोक्याची घंटा वाजवत असतात. अशा वेळी जे काही आत येईल त्यावर शत्रूचा शिक्का बसतो. पॅच लावतात तो धडधाकट त्वचेवर, जिथे घंटा वाजत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे तपासलं गेलं आहे : त्वचेचा वरचा थर सोलून पॅच लावला तर हवा तो परिणाम मिळत नाही, त्वचा अखंड असेल तर मिळतो. म्हणूनच इसबाच्या चट्ट्यावर, ओरखड्यावर, लाल झालेल्या जागेवर पॅच लावायचा नसतो.

सोनचाफा

एक विचारू का? प्रथिन इतकं कमी लागत असेल तर थोडं पीनट बटर चिकटपट्टीवर लावून घरीच नाही का करता येणार? माझ्या बहिणीच्या मुलालाही हाच त्रास आहे आणि ती फार हवालदिल झाली आहे. पॅच कधी मिळेल कोण जाणे, म्हणून विचारतेय.

बालवैद्य

सोनचाफा, तुमची तळमळ समजते, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. बहिणीला आजच फोन करून सांगा : असं अजिबात करू नका.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. चिकटपट्टीवर बोटाने लावलेल्या थेंबात पॅचच्या शेकडो पट प्रथिन सहज असतं. चिमूटभर म्हणता म्हणता ते किती झालं हे घरात मोजता येत नाही. पट्टीखालची त्वचा सोललेली असेल, मुलाने खाजवून ती जागा फोडली, किंवा पट्टी काढून तोच हात तोंडात घातला, तर तुम्ही त्याला सरळ ॲलर्जीचा झटका दिला असं होईल. आणि झटका आला नाही तरी खराब त्वचेतून प्रथिन गेल्याने ॲलर्जी वाढण्याचा धोका आहेच. वर अनुस्वार यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

धाग्यावर आलोच आहे तर दुसरंही लिहितो, कारण उपचार कुठलाही घ्या, हे प्रत्येक घरात पाठ पाहिजे. दाणा पोटात गेल्यावर अंगावर गांधी उठल्या आणि सोबत खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या, किंवा मूल अचानक मलूल होणं यांपैकी काही दिसलं, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिन लगेच द्यायचं. 'आधी ॲलर्जीचं सिरप देऊन बघू' यात वेळ जातो. ते सिरप खाज कमी करतं, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. मुलाला आडवं ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस, म्हणून दोन पेन. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. जिथे पेन मिळत नाही तिथे डॉक्टर अँप्यूल आणि सिरिंज वापरायला शिकवतात. मात्रा वजनावर ठरते, ती आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ओंजळ, तुमचा मुलगा खांद्यावर मान टाकून गप्प झाला असं लिहिलंत. लहान बाळांत ते महत्त्वाचं लक्षण असतं. बाळ 'मला कसंतरी होतंय' असं सांगू शकत नाही.

पाऊलवाट

आमच्या मुलीने पॅच लावला आहे. चाचणीत. म्हणून लिहितो. पॅच औषधांच्या दुकानात मिळत नाही. आजवर तो मुलांपर्यंत पोचला तो चाचण्यांमधूनच.

ती तेव्हा अडीच वर्षांची होती. सुरुवातीच्या तपासणीत तिला ३० मिलिग्रॅमला त्रास झाला. दाण्याचा दहावा भाग. खोलीत बसून तो त्रास बघणं, आणि तो होणार हे माहीत असून बघणं, फार जड गेलं. नर्स शेजारी इंजेक्शन भरून उभी होती.

पॅच दोन खांद्यांच्या फऱ्यांमधल्या जागेत लावायचा. लहान मुलाचा हात तिथे पोचत नाही, म्हणून ती जागा. रोज नवा पॅच आणि रोज थोडी वेगळी जागा : आज डावीकडे वर, उद्या उजवीकडे वर, मग खाली. सुरुवातीला काही तासच, मग हळूहळू वाढवत पूर्ण दिवस. बायकोने वहीत पाठीचं चित्र काढून त्यात चौकटी आखल्या होत्या, त्यावर रोज खूण करायची.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल खरं सांगतो. पाठ लालेलाल. पॅच काढला की खाली फुगीर वर्तुळ, त्यावर बारीक पुरळ, आणि खाज. मुलगी झोपेत पाठ पलंगाच्या कडेला घासायची. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम आम्ही काढलेल्या जागी लावायचो. रात्री दोन वाजता तिच्या पाठीवर फुंकर घालत बसलोय, अशा कितीतरी रात्री गेल्या. चौथ्या महिन्यापासून लाली कमी होत गेली. पुढे तर वर्तुळ सकाळी असायचं आणि संध्याकाळी पुसट.

पाठ लाल झाली म्हणून आम्ही धरून चाललो होतो की हिला खराच पॅच मिळाला. नंतर निकाल छापून आला तेव्हा कळलं की कोऱ्या पट्टीच्या गटातही जवळजवळ सगळ्याच मुलांची पाठ थोडीफार लाल झाली होती. चिकटपट्टीमुळेच. त्यामुळे पाठीकडे बघून काही ओळखता येत नाही.

दुसरी लढाई कडेची. ओंजळ, पॅचची खरी परीक्षा कडेला असते. घाम आला, मूल पळालं, लोळलं की एक कोपरा सुटतो. कोपरा सुटला की आतली वाफ जाते, आणि वाफ गेली की प्रथिन विरघळणारच नाही. आम्ही आंघोळीनंतर पाठ टिपून पूर्ण कोरडी करायचो आणि दहा मिनिटं थांबायचो. तेल नाही, क्रीम नाही. मग पॅच लावून तळहात त्यावर ठेवून शंभरपर्यंत मोजायचं. मुलीला शंभरपर्यंत अंक आले ते असेच. तरी उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस पॅच अर्धा सुटलेला मिळायचाच, कधी अंथरुणात, एकदा तर मोज्यात.

वर्षाने परत तीच तपासणी. दोन वेगळ्या दिवशी : एका दिवशी शेंगदाणा, एका दिवशी शेंगदाणा नसलेलं तसंच खाणं. कुठला दिवस कुठला हे आम्हाला, डॉक्टरांना, कुणालाच माहीत नाही. ३०० मिलिग्रॅम पार झालं तेव्हा बायकोने माझा हात घट्ट धरला. १००० ला ओठांभोवती गांधी उठल्या, पोट दुखलं, औषध दिलं, तासाभरात ती खेळायला लागली.

तीसपासून हजार. ती आजही दाणे खात नाही. पेन आजही दप्तरात असतं.

ओंजळ

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता मधे दोनदा थांबावं लागलं. एकच विचारते : मग बदललं काय? दाणे खात नाही, पेन सोबत असतं, तपासणीत त्रासही झालाच.

पाऊलवाट

विचारलंत ते बरोबर आहे. आम्हीही एकमेकांना विचारलं होतं.

आधी कुणाच्या घरी गेलो की मी तिच्या मागे मागे फिरायचो. खुर्चीचा हात पुसायचो. दुसऱ्या मुलाने तिच्या खेळण्याला हात लावला तर खेळणं धुवायचो. आता ती पलीकडच्या खोलीत खेळते आणि मी इकडे बसून गप्पा मारू शकतो. मागच्या वर्षी शाळेत तिने मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्कीट खाल्लं. घरी आणलेल्या पाकिटावर 'शेंगदाण्याचे अंश असू शकतात' असं होतं. तिला काहीही झालं नाही. त्यात अंश होते की नव्हते हे मला कधीच कळणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी तो फोन आला असता तर माझ्या हातापायांतलं बळ गेलं असतं. या वेळी मी फोनवर सलग बोलू शकलो, लक्षणं विचारू शकलो.

रानवारा

आमचा रस्ता वेगळा आहे. मुलगा सहा वर्षांचा, तोंडावाटे देण्याचा उपचार चालू आहे. रोज मोजलेली शेंगदाण्याची पूड मऊ खाण्यात कालवून द्यायची, दवाखान्यात टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची आणि मग ३०० मिलिग्रॅम रोज, न चुकता. अमेरिकेत यासाठी पालफोर्झिया नावाच्या पुडीला २०२० मध्ये ४ ते १७ वयासाठी मंजुरी मिळाली, २०२४ मध्ये १ ते ३ वयासाठीही.

मर्यादा चांगली वाढते. आमच्या मुलाची वाढली. पण रोजचा डोस म्हणजे रोजची धाकधूक. डोस घेतल्यावर दोन तास पळायचं नाही, लगेच गरम पाण्याची आंघोळ नाही. ताप असला की डॉक्टरांना विचारायचं, ते बहुधा मात्रा कमी करायला सांगतात. सहा वर्षांच्या मुलाला दोन तास बसवून ठेवणं म्हणजे काय ते घरोघरी माहीत असेल. त्याला शेंगदाण्याचा वासच नकोसा वाटतो, डोस समोर आणला की ओठ मिटून घेतो. पोटदुखीमुळे दोनदा मात्रा मागे घ्यावी लागली, आणि एकदा पेन वापरावं लागलं. घरात, माझ्याच हाताने.

पॅचमध्ये हे पळण्याचं बंधन नाही, चवीचा प्रश्न नाही, पोटाचा त्रास फार कमी. मला पर्याय असता तर मुलगा दोन वर्षांचा असताना मी कदाचित पॅचच घेतला असता. पण तेव्हा नव्हता, आणि आहे त्यावर मी समाधानी आहे.

निळीशाई

पॅचने झटका येतच नाही का? दोन्ही बाजू यायला हव्यात.

बालवैद्य

येऊ शकतो. एपिटोपमध्ये वर्षभरात खऱ्या पॅचच्या गटातल्या ७.८ टक्के मुलांना तीव्र झटका आला, कोऱ्या पट्टीच्या गटात ३.४ टक्क्यांना. यात चुकून दाणा खाल्ल्याचे प्रसंगही धरलेले आहेत. पॅचशी संबंध जोडता येईल असे झटके १.६ टक्के होते. म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. पॅच लावलेल्या मुलाच्या घरातही ॲड्रेनलिन हाताशी हवंच.

मंजुरीचं म्हणाल तर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मोठ्या मुलांसाठीचा अर्ज परत पाठवला. मुख्य आक्षेप नेमका पाऊलवाट यांनी लिहिलेल्या कडेचा होता : पॅच नीट चिकटत नाही, आणि सुटला की परिणामावर किती फरक पडतो. त्यानंतर मोठ्या आकाराचा सुधारित पॅच घेऊन ४ ते ७ वर्षांच्या मुलांवर 'व्हिटेस' ही नवी चाचणी झाली. २०२५ च्या डिसेंबरात कंपनीने जाहीर केलं की या वेळी ठरवलेली कसोटी पार झाली.

तिसरा मार्गही आहे. ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन, दर दोन किंवा चार आठवड्यांनी. ते ॲलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडांना बांधून ठेवतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने ते एक वर्षाच्या पुढच्या रुग्णांना, अन्नाच्या ॲलर्जीतला अपघाती धोका कमी करण्यासाठी मंजूर केलं. एकाहून जास्त पदार्थांची ॲलर्जी असेल तर त्याचा विशेष उपयोग.

उपचार थांबवल्यावर काय, हेही विचारून ठेवा. तोंडावाटे उपचाराच्या 'इम्पॅक्ट' या १ ते ३ वयाच्या चाचणीत उपचार संपताना ७१ टक्के मुलांची मर्यादा भरपूर वाढलेली होती, पण सहा महिने सगळं बंद ठेवल्यावर २१ टक्क्यांचीच टिकली. म्हणून मी पालकांना वर्षभराचा नाही, काही वर्षांचा विचार करायला सांगतो. पॅचच्या बाबतीत एक चांगली गोष्ट म्हणजे एपिटोपमधली जी मुलं पुढेही पॅच लावत राहिली, त्यांची मर्यादा पहिल्या वर्षानंतरही वाढत गेली.

थांबावं का, या तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत : नुसतं थांबू नका. मूल दोन वर्षांचं आहे, हे वय मौल्यवान आहे. ॲलर्जीतज्ज्ञांना या तिन्हींबद्दल सरळ विचारा. आणि तोवर इसब आटोक्यात आणा. रोज दोनदा मॉइश्चरायझर, चट्टा उठला की सांगितलेलं मलम. पुढे पॅच लावायचा झालाच तर पाठ धडधाकट लागेल.

सोनचाफा

बहिणीशी बोलले. तिने खरंच वाटीत पीनट बटर काढून ठेवलं होतं. फेकून दिलं. बालवैद्य, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

ओंजळ

सगळ्यांचे प्रतिसाद छापून फाइलमध्ये लावले आहेत. ॲलर्जीतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात जातोय. तोंडावाटे उपचार आत्ता सुरू करायचा का, आणि पॅचची चाचणी कुठे मुलं घेत असेल तर त्याला घेतील का, हे दोन्ही विचारणार आहोत. मनातून माझा कल पॅचकडे आहे, पण पाऊलवाट यांनी लिहिलेल्या रात्री वाचल्यावर तो सोपा आहे असा भ्रम उरलेला नाही.

पेनासोबत सुईविना सरावाचं एक पेन मिळालं होतं, ते कपाटातच पडलं होतं. काल रात्री बाहेर काढलं. मी आणि नवऱ्याने उशीवर, मग एकमेकांच्या मांडीवर सराव केला. ताई दारात उभी राहून बघत होती. तिला आत बोलावलं. मोरपीस, आधी तुम्ही सांगितलेलं बोलले. ती काही बोलली नाही. मग तिने पेन मागितलं, निळी टोपी ओढून काढली, माझ्या मांडीवर टेकवून खटका वाजेपर्यंत दाबलं आणि पेनावर लिहिल्याप्रमाणे तीनपर्यंत मोजलं. म्हणाली, परत एकदा. पाच वेळा केलं. शेवटच्या वेळी दाबून धरताना तिचा हात थरथरला नाही.